चालल्याची भाकर

अभिमनच्या लताचं लग्न लागलं ते साल एक्क्याण्णव. मे महिना होता, आणि त्या मांडवातच लोटनचा पाय त्याच्या बुटात गेला नाही. लोटन म्हणजे अभिमनचा धाकटा भाऊ, धुळ्याला शाळेत मास्तर. नवरीचा काका म्हणून त्याने नवा बूट घेतला होता आणि पायरीवर बसून तो दोन्ही हातांनी टाच आत दाबत होता. सगळे हसले. शेवटी कुणाच्या तरी रबरी चपला घालून त्याने दिवसभर पंगती वाढल्या. ऑगस्टमध्ये नाशिकच्या डॉक्टरांनी त्या सुजेचं कारण सांगितलं. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा नाशिकला जाऊन यंत्रावर रक्त धुवून घ्यायचं, किंवा घरातल्या कोणी एक मूत्रपिंड दिलं तर मुंबईला नेऊन बसवायचं, एवढे दोनच रस्ते उरले होते. लोटनच्या बायकोचं, कमलबाईचं रक्त जुळलं नाही. अभिमनचं जुळलं. पण अभिमन चौऱ्याण्णव किलो भरला आणि रक्तदाबही वर निघाला. डॉक्टर म्हणाले, ब्याऐंशीवर या, दाब त्याबरोबर उतरेल, मग तुम्हाला मुंबईला पाठवतो. किती दिवसांत, असं अभिमनने विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी आधी लोटनकडे पाहिलं आणि मग टेबलावरच्या कागदाकडे बघत सांगितलं, होळीपर्यंत आलात तर बरं.

दिवाळीनंतर तो चालायला लागला. नोव्हेंबर संपता संपता तीन किलो उतरले. आणि मग जानेवारीतल्या एका सोमवारी, जळगावच्या मार्केट यार्डात, लिलाव सुरू व्हायच्या आधी, तो काट्यावर उभा राहिला आणि दांडी एक्क्याण्णववर सरळ झाली. मागच्या सोमवारी एक्क्याण्णव. त्याच्या मागच्या सोमवारीही एक्क्याण्णव. अभिमन स्वतः मापाडी होता. तीस वर्षं त्याने याच शेडमध्ये दादर ज्वारी, उडीद, मूग, हरभरा मोजला होता, आणि काट्याने आपल्याला कधी कोड्यात टाकलं असं त्याला आठवत नव्हतं. माल ठेवला की दांडी उचलते, वजन सरकवलं की सरळ होते, त्यात मन घालायचं कामच नाही. वजन सरकवणारा रुपचंद त्याच्याच वयाचा होता, वीस वर्षं त्याच्या जोडीला. तो म्हणाला, "भाऊ, उडदाचं पोतं महिनाभर पडलं तर वाळून किलोभर हलकं होतं. तुम्ही रोज दोन कोस चालता आणि दाणाभर हलत नाही. तुमचं बारदान कशाचं आहे?" अभिमन हसला. हसताना पोट हललं आणि त्याबरोबर दांडी किंचित वर-खाली झाली, आणि त्याला वाटलं की आपल्या आत कोणीतरी पाय रोवून उभं आहे आणि ते उतरायला तयार नाही. तो काट्यावरून खाली आला तेव्हा पायाखालची फरशी त्याला थोडी वेगळी लागली. दिवसभर पोती चढत-उतरत होती, तो आकडे पुकारत होता, आणि एक्क्याण्णव हा आकडा मध्येच तोंडात येऊन दोनदा चुकला.

त्याच्या खिशात एक कागद असायचा. नाशिकला आहाराच्या बाईंनी तो दिला होता, गुळगुळीत, निळसर छापलेला. डाव्या बाजूला काय खाल्लं म्हणजे किती आणि उजव्या बाजूला काय केलं म्हणजे किती जळतं. दिवसाला पंधराशे कॅलरी खायच्या, असं वर लिहिलेलं होतं. कॅलरी हा शब्द त्याने पहिल्यांदाच पाहिला. त्याने बाईंना विचारलं होतं की ही कितीला एक भरते. बाई चांगल्या होत्या, हसल्या नाहीत. म्हणाल्या, काका, हे वजन नाही, ही उष्णता आहे. भाकर खाल्ली की अंगात येते, चाललात की जाते. हे ऐकून अभिमनला आणखीनच घोळ वाटला. उष्णतेला बूड नाही, काठ नाही, ती काट्यावर कशी ठेवायची? आणि उष्णता गेली तर माणूस थंड व्हायला पाहिजे, हलका का व्हावा? पण त्याने मान हलवली, कारण लोटन बाजूला बसला होता आणि लोटनला बसवत नव्हतं. कागदात डावीकडे लिहिलं होतं, ज्वारीची मोठी भाकर, एक, अडीचशे. उजवीकडे लिहिलं होतं, भरभर चालणं, एक तास, अडीचशे. दोन्ही आकडे जवळजवळ एका ओळीत आले होते.

त्या वर्षी थंडी नोव्हेंबरातच पडली. पहाटे उठून तो असोद्याच्या रस्त्याने निघायचा. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पानांवरून दव गळायचं ते पावसासारखं वाजायचं, समोरून दुधाच्या कॅन लावलेल्या मोटारसायकली यायच्या आणि असोद्याचे ओळखीचे शेतकरी ओरडून विचारायचे की भाऊ, मोटार बंद पडली का. सुरुवातीला तो लाजायचा. उभ्या जन्मात तो काम नसताना चालला नव्हता. हातात काही नाही, डोक्यावर काही नाही, जायचं कुठे नाही, अर्ध्या रस्त्यावरच्या पुलाला हात लावायचा आणि परत फिरायचं. घरी येईपर्यंत सदरा पाठीला चिकटलेला असायचा. कागदाप्रमाणे तेव्हा एक भाकर, भाजी आणि काकडी. पहिले पंधरा दिवस त्याने तेवढंच खाल्लं. मग एका सकाळी सुनंदाबाईने, त्याच्या बायकोने, ताटात दुसरी भाकर ठेवली. तो काही बोलायच्या आत म्हणाली की कागद मलाही वाचता येतो. तुम्ही चाललात ते अडीचशे गेले, ही भाकर अडीचशेची, म्हणजे तुम्ही होतात तिथेच आहात, यात अधिक काय खाल्लं? त्याने दोन्ही आकडे पाहिले. दोन पारडी एकासमोर एक, सरळ. त्याला त्यात खोट काढता येईना. भाकर गरम होती, वर मिरचीचा ठेचा होता, आणि तासभर चालून आलेल्या माणसाला भूक लागते तशी भूक लागलेली होती. त्याने खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून ती रोजची झाली. सुनंदाबाई तिला चालल्याची भाकर म्हणायची. पहिली तुमची, ही चालल्याची, असं म्हणून वाढायची.

आणि खाताना त्याला पाप वाटत नव्हतं, हीच खरी गोष्ट होती. उलट पहिली भाकरच अवघड जायची, कारण ती बसून मिळालेली होती. दुसरी घामाची होती. शिंदखेड्याजवळच्या त्यांच्या गावात माय असंच वाढायची. तिन्हीसांजेला शेतातून आलं की ती चुलीपुढून न उठता म्हणायची, "दखाड पाठ." अभिमन वळून उभा राहायचा. सदऱ्यावर घाम वाळून मिठाची पांढरी रेघ उमटलेली असली की टोपल्यातून अख्खी भाकर निघायची, रेघ दोन्ही खांद्यांपर्यंत गेलेली असली तर दीड. रेघ नसली तर अर्धी. त्यात राग नव्हता, लोभ नव्हता. घरात ज्वारी जेवढी होती तेवढी होती आणि ती अंगमेहनत करणाऱ्याच्या पोटात आधी जायला पाहिजे, एवढंच तिला कळत होतं. बापालाही ती पाठ दाखवायला लावायची. लोटन पाच वर्षांनी लहान आणि लहानपणापासून किरकिरा, उन्हात नेला की आडवा व्हायचा, म्हणून तो घरी असायचा आणि त्याच्या वाट्याला नेहमी अर्धी. अर्ध्या भाकरीवर राहणाऱ्या त्या पोराला मग शाळेत घातलं, कारण दुसरं काय करायचं त्याचं. अभिमनला आठवत होतं की तो खाताना लोटन समोर बसून त्याच्या हाताकडे नाही, तोंडाकडे पाहायचा. एकदा, अभिमन अकरा वर्षांचा असेल, तो निंदणीवरून लवकर आला. माय नदीवर गेली होती. टोपल्यात दीड भाकर झाकून ठेवलेली होती. एक त्याची, अर्धी लोटनची. त्याने आपली खाल्ली. मग हात पुन्हा टोपल्याकडे गेला, तो कसा गेला ते त्याला कधीच सांगता आलं नाही, आणि अर्धीही संपली. माय आली तेव्हा तो म्हणाला, कुत्रं शिरलं होतं. लोटन उंबऱ्यावर बसलेला होता, सगळा वेळ तिथेच बसलेला होता. मायने त्याच्याकडे पाहिलं. लोटन म्हणाला, हो, काळं होतं.

आता पन्नाशीला टेकल्यावर असोद्याच्या रस्त्यावर ते काळं कुत्रं त्याच्याबरोबर चालायला लागलं. त्याला वाटायचं की मायचा नियम खरा की या कागदाचा? माय म्हणायची की घाम गाळला म्हणून खा. कागद म्हणतो की घाम गाळ, पण... पण काय म्हणतो तेच त्याला समजत नव्हतं. खायचं की नाही, हे त्यात कुठे सांगितलेलं होतं? त्याने जळगावच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारलं. ते वयस्कर, घरोब्याचे. म्हणाले, अहो, ऑपरेशनला उभं राहायचं तुम्हाला, अंग टाकू नका. तासभर चालणाऱ्याने एक भाकर जास्त खाल्ली तर काही बिघडत नाही. त्याने रुपचंदला विचारलं. रुपचंद म्हणाला, भाऊ, ट्रकमधून दहा पोती उतरवायची आणि दहा चढवायची, मग ट्रक हलका होईल का? नाशिकच्या बाईंना विचारावं असं त्याच्या रोज मनात यायचं, पण विचारायचं म्हणजे आधी सांगायचं की मी खातो आहे, आणि सांगायचं म्हणजे ते लोटनच्या कानावर जायचं. म्हणून तो विचारत नव्हता. आणि खात होता. आणि दर सोमवारी धुळ्याला कार्ड टाकत होता की वजन उतरतं आहे, काळजी नसावी.

एक गोष्ट मात्र त्याने कोणालाच विचारली नव्हती. मुंबईला गेल्यावर आपल्याला कुठे कापतील. नाशिकच्या डॉक्टरांनी एकदा त्याच्या बरगडीखाली बोट टेकवून मागे पाठीपर्यंत ओढलं होतं, इथून इथपर्यंत. बोट थंड होतं. तेव्हापासून आंघोळीच्या वेळी तो त्या जागेवर साबण लावायचा नाही, नुसतं पाणी सोडायचा. रात्री कुशीवर वळताना ती बाजू वर ठेवायचा. लोटनसाठी एक काय, दोन्ही देईन, असं तो यार्डात चार माणसांत म्हणाला होता आणि ते म्हणताना खोटं वाटलं नव्हतं. पण पहाटे पुलाला हात लावून परत फिरला की पाय आपोआप भरभर पडायचे, घराकडे, ताटाकडे, आणि एखाद्या दिवशी त्याला शंका यायची की ही भूक पोटाची आहे की त्या बाजूची. आत जे पाय रोवून उभं आहे ते तर भाकर मागत नसेल? भाकर खाल्ली की ते शांत व्हायचं. सुनंदाबाई समोर बसून तो खातो आहे ते बघायची. तिने एकदाही म्हटलं नाही की देऊ नका. एकदाही म्हटलं नाही की द्या. भाकर मात्र एक दिवस चुकली नाही. तिला वीस दिवस ताप होता त्या वर्षी, आठ वर्षांपूर्वी, तेव्हासुद्धा तिने त्याच्यासाठी एवढं केलं नव्हतं, असं त्याच्या मनात आलं आणि तो दचकला, कारण तेव्हा तर तीच आजारी होती, तिने काय करायचं होतं. डोक्यात अशी गाठ बसायची. सोडवायला गेलं की सुटायची आणि हातात काहीच उरायचं नाही.

नऊ फेब्रुवारीला, रविवारी, तो धुळ्याला गेला. एसटी पारोळ्याला अर्धा तास थांबली, धुळ्याला उतरेपर्यंत बारा वाजले. स्टँडवरून रिक्षा न करता तो पांझरेच्या पुलावरून चालत देवपुरात लोटनच्या घरी गेला, कारण त्या सकाळचं चालणं राहिलं होतं. लोटन खाटेवर बसलेला होता. चेहरा सुजलेला आणि मान बारीक, हाताच्या नसांवर सुया टोचल्याचे काळे डाग. उशाशी एक स्टीलची वाटी होती. दिवसभराचं पाणी त्या वाटीने चार वेळा, त्याहून जास्त नाही. मीठ नाही, केळी नाही, डाळ नाही. शाळेत नसला तरी मास्तरपणा गेला नव्हता. त्याने विचारलं, यार्डात यंदा दादर कशी आहे, लताकडे कधी जाऊन आला, आणि मग म्हणाला, "दादा, तो कागद दखाड बरं."

अभिमनने कागद काढून दिला. लोटनने तो वाचायला घेतला तेव्हा अभिमनला जुनी गोष्ट आठवली. तिशीपर्यंत अभिमनला आकडे येत होते, अक्षरं येत नव्हती. सुट्टीत घरी आलेल्या लोटनने त्याला ओसरीवर बसवून शिकवलं, वर्तमानपत्राच्या कागदावर, अक्षराखाली बोट ठेवून. बोट उचलायचं नाही, ओळ सोडायची नाही. छापील कागद आला की शेवटच्या ओळीपर्यंत जायचं, तो म्हणायचा, खालच्या बारीक ओळीत काय आहे ते बघितल्याशिवाय कागद वाचला असं म्हणू नको. अभिमन अजून तसाच वाचायचा, बोटाने, ओठ हलवत. लोटनचं बोटही आता कागदावरून खाली सरकत होतं. डावी बाजू, उजवी बाजू, मग खाली. एकदम खाली ते थांबलं. बराच वेळ थांबलं. मग लोटनने वर पाहिलं, अभिमनच्या तोंडाकडे, लहानपणी पाहायचा तसं. कागदाची घडी घातली आणि परत दिली.

कमलबाईने ताटं वाढली. अठरा वर्षांत ती अभिमनशी, मोठ्या दिराशी, समोरासमोर बोलली नव्हती. पदर पुढे ओढून वाढायची आणि काही सांगायचं झालं तर लोटनकडून सांगायची. अभिमनच्या ताटात तिने एक भाकर ठेवली आणि लोटनच्या ताटात अर्धी. भाजीला मीठ नव्हतं, दोघांच्याही नव्हतं. लोटनसमोर कोणी खारट खात नव्हतं त्या घरात. अभिमनची भाकर संपली. तो बोटं चाटत बसला. लोटनची अर्धी तशीच होती, एक तुकडा मोडलेला. लोटन बायकोला म्हणाला, "दादा चालत उना शे. त्याले आखो एक वाढ."

अभिमन म्हणाला, नको.

"खाय, दादा. मी काय तुनी भाकर मोजी राहिनू का?"

कमलबाईचा हात टोपल्यावर गेला आणि तिथेच थांबला. मग तिने पदर कपाळावरून थोडा मागे घेतला आणि सरळ अभिमनकडे पाहून विचारलं, "भाऊ, वजन कितलं भरनं?"

तिचा आवाज त्याने इतक्या जवळून कधी ऐकलाच नव्हता. जाडसर, शांत आवाज होता. त्याला एक्क्याण्णव म्हणता आलं असतं. आकडा तर तोंडातच होता, महिनाभर तोच तोंडात होता. पण तो तिच्याकडे न पाहता लोटनकडे बघून म्हणाला, "उतरी राहिनं." लोटनने मान हलवली. हो, उतरी राहिनं, असं तोही म्हणाला. कमलबाईने टोपल्यातून भाकर काढून ताटात ठेवली आणि ती आत गेली. आणि अभिमनने ती खाल्ली. कोरडी, अळणी भाकर, भाजी संपलेली, पाण्याबरोबर. समोरच्या वाटीकडे लक्ष गेल्यावर पाणी प्यायचाही थांबला आणि तशीच चावून चावून गिळली. नाही म्हणायला हवं होतं हे त्याला कळत होतं. पण वाढलेली भाकर टाकून उठणं त्याला कधी जमलंच नव्हतं, आणि लोटनने वाढायला सांगितलेली तर मुळीच नाही.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून त्याने कागद उघडला. गाडी हलत होती. बोट अगदी खाली नेलं. तिथे बारीक अक्षरात एक ओळ होती. वरील आहार रोजचे एक तास चालणे धरूनच ठरवला आहे, चालण्यासाठी वेगळे खाणे वाढवू नये. त्याने ती तीनदा वाचली. चालणं आधीच धरलेलं होतं. पंधराशेच्या आतच चालल्याची भाकर बसलेली होती, आणि तो तीच पुन्हा ताटात घेत होता. नवा मापाडी आला की सगळ्यात आधी त्याला सांगावं लागतं, बारदान एकदाच कापायचं. पोत्याचं वजन एकदा वजा केलं, मग गडबडीत दुसऱ्याने पुन्हा वजा केलं, की शेतकऱ्याचा माल जागच्या जागी कमी होतो आणि कुणाला दिसतही नाही. या चुकीसाठी तो रुपचंदला एकदा सगळ्या यार्डासमोर घालून पाडून बोलला होता. आणि आता हे. पण त्याला घाम फुटला तो त्यामुळे नाही. त्या ओळीखाली डाग होता. पिवळट, तेलकट, बोटाच्या रुंदीचा, ओळीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत गेलेला. वरच्या सगळ्या ओळींखाली होता तसाच. लोटनचं बोट तर कोरडं होतं, जेवणाच्या आधीचं. मग हे बोट कुणाचं? सुनंदाबाई म्हणाली होती की कागद मलाही वाचता येतो. तिचं असेल. किंवा आपलंच, पहिल्या दिवसाचं. आपण ओळ सोडत नाही. मग वाचलं होतं का? वाचलं असेल तर आठवत कसं नाही? बोट गेलं आणि डोकं गेलं नाही, असं होतं का? त्याने पहिला दिवस आठवून पाहिला. नाशिकच्या दवाखान्यातलं बाकडं आठवलं, लोटनच्या तोंडाचा वास आठवला, बाईंच्या हातातल्या हिरव्या बांगड्या आठवल्या, आणि कागदाची खालची कड आली की सगळं पांढरं व्हायचं. आणि लोटनने ती ओळ वाचून आपल्याला भाकर का वाढायला लावली? ते काळं कुत्रं त्याने पुन्हा एकदा आपल्यासाठी उभं केलं होतं. की सोडून दिलं होतं आपल्याला? की त्याला नुसतं वाटलं होतं की दादाला भूक लागली आहे? एरंडोल आलं, माणसं उतरली, चढली. अभिमनने कागद खिशात ठेवला आणि पुन्हा काढला. डाग होता.

दुसऱ्या दिवशी त्याने सुनंदाबाईला सांगितलं की चालल्याची भाकर बंद. तिने त्याला का असं विचारलं नाही. ती भाकर तिने स्वतःच्या ताटात घेतली आणि अर्धी टाकली. त्याने खालच्या ओळीचंही तिला विचारलं नाही. विचारलं असतं आणि तिने हो म्हटलं असतं तर त्या घरात पुढे जेवण कसं झालं असतं? पंधरा दिवसांत काटा नव्वदवर आला. मार्चच्या सुरुवातीला एकोणनव्वद. यार्डात एकदा त्याला चक्कर आली, रुपचंदने पोत्याला टेकवून बसवलं आणि गूळ द्यायला लागला, तो त्याने घेतला नाही. होळी झाली. दर सोमवारी तो कार्ड टाकत होता, आता खरे आकडे. लोटनचं एकच उत्तर आलं, वळणदार मास्तरी अक्षरात, दादा, जपून चाल, रस्त्यावर ट्रक असतात. बाकी चार ओळी लताच्या खुशालीच्या होत्या. अभिमनने कार्डाची शेवटची ओळही बोटाने वाचली. तिथे नुसता पत्ता होता.

त्याने मनाशी हिशेब करून पाहिला होता, मापाड्याचा. सत्तर दिवस, सत्तर भाकरी. एक भाकर दीडशे ग्रॅम. साडेदहा किलो. त्याला एक्क्याण्णववरून उतरायचे होते नऊ. म्हणजे त्याच सत्तर भाकरी खाल्ल्या नसत्या तर तो ब्याऐंशीच्या आत असता, फेब्रुवारीतच. पुढे जळगावच्या डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं की असं नसतं. भाकरीचं वजन अंगात तसंच्या तसं राहत नाही, सत्तर भाकरींचे फार तर दोन-अडीच किलो. तुम्ही तेवढं पाळलं असतं तरी होळीला पोहोचला नसता, आणि पोहोचला असता तरी मुंबईचं पुढचं कुणाला ठाऊक. अभिमनने ते ऐकून घेतलं. पण तो काट्यावरचा माणूस. जे ठेवलं ते भरतं, एवढंच त्याला येत होतं. डॉक्टर खरे असतील तर तो सुटत होता, आणि सुटल्यावर कुठे उभं राहायचं ते त्याला सुचत नव्हतं. म्हणून साडेदहा किलो त्याने तसेच ठेवले.

दहाव्याला धुळ्याला माणसं जमली. त्या दिवशी पाडवा होता, गल्लीत बाकीच्या घरांवर गुढ्या उभ्या होत्या. पांझरेच्या काठावरचं सगळं आटोपून अभिमन चालत घरी आला. सदरा पाठीला चिकटला होता, आणि ओसरीत भिंतीशी बसण्याआधी तो उगाच एकदा दाराकडे पाठ करून उभा राहिला. पंगत बसली. गर्दी फार, भाकरी कमी, म्हणून वाढणाऱ्या बाईने मोडून अर्धी अर्धी वाढायला घेतली होती. अभिमनच्या ताटातही अर्धी पडली. आतून कमलबाईचा आवाज आला, जाडसर, शांत, पुन्हा दाराआडून, दुसऱ्या कुणाला तरी उद्देशून, "भाऊस्ले अख्खी वाढा." बाईने उरलेली अर्धी आणून पहिल्या अर्धीशेजारी ठेवली. दोन्ही तुकडे एकमेकांना बरोबर लागत होते, एकाच भाकरीचे. अभिमन बघत राहिला. हे त्या घराचं आदरातिथ्य होतं, की चालून आलेल्याला वाढायची रीत होती, की तिनेही तो कागद कधी पाहिला होता, हे त्याला ओळखता येईना. शेजारच्या माणसाने जेवा म्हणून खूण केली. भूक लागलेली होती. त्याने एक अर्धी खाल्ली. दुसरी तशीच ठेवून तो उठला, मग पुन्हा खाली बसला.

लोटन झिपरू पाटील सव्वीस मार्च एकोणीसशे ब्याण्णव रोजी, गुरुवारी, सकाळी सहाच्या सुमारास नाशिकला निघायची तयारी करत असताना धुळ्याला देवपुरातल्या राहत्या घरी वारला. त्याला त्रेचाळिसावं वर्ष चालू होतं. त्या आठवड्याच्या सोमवारी अभिमन सत्त्याऐंशी किलो भरला होता.